जुन्या गाडीला चालतंय

'चालतंय' हा शब्द आपल्या वस्तीत फार जुना. यांना शिळी भाकर चालतीय. फाटकं लुगडं चालतंय. मढ्यावरचं कापड चालतंय. पोरगं शाळेत दाराजवळ बसलं तरी चालतंय. कुणाला चालतंय ते आपल्याला कधी कुणी विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी हाच शब्द मी तालुक्याच्या गावात एका तेलाच्या दुकानात ऐकला. बोलणं माणसाबद्दल नव्हतं, ट्रॅक्टरबद्दल होतं. दुकानदार गल्ल्यावरून न उठताच म्हणाला, "जुनी गाडी हाय ना? मग ह्ये सुटं न्या. जुन्या गाडीला काहीबी चालतंय."

मामा गप्प उभे. हातात रिकामा कॅन. मी म्हणालो, "शेठ, बरण्या दाखवा. सीलबंद. मला मागची बाजू वाचायची हाय."

दोस्तांनो, हा लेख त्या मागच्या बाजूबद्दल आहे. तुमच्यातले बरेचजण म्हणतील, चळवळीच्या अंकात ट्रॅक्टरचं तेल कशाला? थोडं थांबा. वाचा. मग बोला.

आमची जमीन सीना नदीच्या बाजूला, मोहोळ तालुक्यात. वतनातली. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचा कायदा दुरुस्त करायचं बिल आणलं आणि ही वतनं खालसा करणारा कायदा झाला तो १९५८ साली. मधी तीस वर्षं. जमीन नावावर आली तीसुद्धा नवीन शर्तीनं. आता भाऊबंदात वाटण्या होऊन चार घरांच्या वाट्याला मिळून जे रान आहे ते काळं, भारी, ज्वारीचं. भारी रानाचं एकच दुखणं, वाफसा. पाऊस झाला की चिखल, चार-आठ दिवसांनी वाफसा येतो आणि बघता बघता माती दगड होते. त्या मोजक्या दिवसांत पेरलं तर पेरलं. गावात भाड्याचे ट्रॅक्टर चिक्कार. पण पाळी लावायची कुणी? आधी वरची आळी, मग मळ्यातले, मग पाहुणेरावळे, शेवटी आम्ही. पैसे तेवढेच, कधी जास्तच. ट्रॅक्टर यायचा तेव्हा वाफसा गेलेला. ढेकळं निघायची, ज्वारी उगवायची ती विरळ. गावात कुणी आम्हाला 'तुम्हाला देत नाही' असं म्हणत नाही आता. "उद्या येतो" म्हणतात. वाफसा जाईपर्यंत रोज उद्या.

म्हणून चार घरांनी मिळून ट्रॅक्टर घेतला. मॅसी फर्ग्युसन १०३५. तीन सिलिंडर, छत्तीस-एक हॉर्सपॉवर, मामांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. दोन नव्या मोटारसायकलींच्या पैशात मिळाला. सामाजिक न्याय खात्याची बचत गटांसाठी मिनी ट्रॅक्टरची योजना आहे, नव्वद टक्के अनुदान, ९ ते १८ हॉर्सपॉवरचा. ज्यांना मिळतो त्यांनी जरूर घ्यावा. पण भारी काळ्या रानात खोल नांगरटीला तो दम तोडतो. सरकारनं आम्हाला लहान रान लहान ट्रॅक्टर असं गणित मांडलंय, मातीला कुणी विचारलेलं दिसत नाही.

मामा वीस वर्षं दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर डायवर. इंजिनाच्या आवाजावरून ते सांगतात कुठला नोझल कच्चा आहे. क्लचवर पाय ठेवला की प्लेट किती उरलीय ते कळतं. पण वीस वर्षांत त्यांनी एकदाही तेलाचा कॅन स्वतः निवडला नाही. ते काम मालकाचं. मालक म्हणेल तेव्हा बदलायचं, मालक आणेल ते ओतायचं, रात्री किल्ली मालकाच्या भिंतीवरच्या खिळ्याला. हात याचा, अक्कल त्याची, अशी वाटणी. या वाटणीवर आपण सभेत बोलतो. मामा ती स्टिअरिंगवर बसून जगले.

मी सोलापूरकडच्या एका सूतगिरणीत रिंग खात्यात ऑइलमन आहे. शाळा दहावीपर्यंत, पुढचं सगळं रात्रपाळीच्या आधी आणि नंतर वाचलेलं. माझ्या कामात दिवसभर तेलच. रिंग फ्रेमचा चात मिनिटाला सोळा-अठरा हजार वेळा फिरतो. त्याच्या तळाशी जे तेल लागतं ते रॉकेलसारखं पातळ. तिथं जाड तेल घातलं तर चात तापतो, वीज खातो. पण त्याच फ्रेमच्या गिअरबॉक्सला जाड तेल, कारण तिथं वेग कमी नि भार जास्त. पळणाऱ्याला पातळ, ओझं वाहणाऱ्याला जाड. हे मला पुस्तकानं नंतर सांगितलं, बोटांनी आधी. चिमटीत तेल धरून ताणलं की ते काय आहे ते कळतं. म्हणून मामा मला म्हणाले, "तू बघ रं. तुला तेलातलं कळतंय."

तर आता मागची बाजू.

बरणीवर २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० असं असतं. या डब्ल्यूचा अर्थ लोक वाटेल तो लावतात. तो विंटरचा, थंडीचा. पहिला आकडा थंड इंजिनात तेल किती लवकर धावतं ते सांगतो, दुसरा तापल्यावर किती जाड राहतं ते. आपल्याकडं बर्फ पडत नाही, म्हणून जुन्या इंजिनाला २०डब्ल्यू-४० सुद्धा भागतं. १५डब्ल्यू-४० पहाटेच्या थंडीत लवकर वर चढतं एवढंच. त्याच्याखाली बारीक अक्षरात सीएफ-४, सीएच-४, सीआय-४ अशी अक्षरं. 'सी'नं सुरू होतं ते डिझेलचं, 'एस'नं सुरू होतं ते पेट्रोलचं. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकी तेलाची परीक्षा नवी आणि कडक. आमच्या गाडीच्या काळात यातली बरीच अक्षरं जन्मलीच नव्हती, पण त्यानं बिघडत नाही. नवं चांगलं तेल जुन्या इंजिनाला घालता येतं. उलटं जमत नाही.

आणि मोठी गंमत ही की इंजिन तेलाचा ४० आणि गिअर तेलाचा ९० हे एकाच फुटपट्टीचे आकडे नाहीत. ९० म्हणजे चाळीसाच्या दुपटीपेक्षा जाड असं सगळे समजतात. दुकानदारही. दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. गिअरचं ९० हे जाडीला इंजिनाच्या चाळीस-पन्नासाच्या आसपासच येतं. फरक जाडीत कमी, आत मिसळलेल्या औषधांत जास्त. इंजिन तेलात काजळी धरून ठेवणारं औषध असतं, म्हणून डिझेल इंजिनात नवं तेल थोड्या वेळातच काळं होतं. काळं झालं म्हणजे बाद झालं असं नाही. ते काम करतंय. (काळं दिसलं की बाद ठरवायची सवय या देशाला फार, पण तो विषय आज नको.)

बाद कधी समजायचं? आम्ही तीन गोष्टी बघतो. गाडीची पट्टी काढून तेल चिमटीत घ्यायचं, कचकच लागली तर धूळ शिरलीय. वास घ्यायचा, डिझेलचा आला आणि तेल पाण्यासारखं पातळ असेल तर पंपातून किंवा नोझलमधून डिझेल खाली उतरतंय. आणि पातळी. तेल कमी झालं तर सगळे घाबरतात, वाढलं तर कुणी घाबरत नाही. मामांच्या जुन्या मालकाकडं एकदा तेल वाढत होतं तर बाई म्हणाल्या म्हणे, लक्ष्मी आली. तेल आपोआप वाढत नसतं. डिझेल तरी शिरतंय नाहीतर रेडिएटरचं पाणी. पाणी असेल तर तेल दुधी होतं, ताकासारखं. तसं दिसलं की गाडी चालवायची नाही, जागेवर बंद.

साधारण अडीचशे तासांनी इंजिन तेल बदलतात. आमची गाडी जुनी, धुळीत, तास-मीटर बंद पडलेला. म्हणून मामांची मुलगी वहीत तास लिहिते, आणि आम्ही दोनशेलाच बदलतो. गाडी आधी अर्धा तास चालवायची, तेल गरम असताना सोडायचं, म्हणजे घाणही त्याच्याबरोबर निघते. सपाट जागा, चाकाला दगड. फिल्टर बदलायचाच, त्याचे पैसे वाचवायचे नाहीत. प्लगची तांब्याची चकती बघायची. सहा-सात लिटर तेल जातं. भरलं की चालू करून पाच मिनिटं ठेवायची, बंद करून थोडं थांबायचं, मग पट्टी.

इंजिन सोपं. खरा घोळ मागच्या पोटात होता.

या जातीच्या ट्रॅक्टरला, म्हणजे जुन्या फर्ग्युसन घराण्यातल्या, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांचं तेल एकच. हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडच्या शेतकऱ्याचा मुलगा, चौदाव्या वर्षी शाळा सुटली, बापाच्या रानात राबला. त्यानं नांगर ट्रॅक्टरच्या मागं साखळीनं ओढायच्या ऐवजी तीन बिंदूंनी जोडला आणि तो उचलणारा पंप ट्रॅक्टरच्या पोटातच, तेलात बुडवून बसवला. आज सगळ्या जगाच्या ट्रॅक्टरांना मागं ते तीन हात आहेत. शाळा सुटलेल्या पोराची अक्कल! मला हे वाचून बरं वाटलं. पण ते एकच तेल म्हणजे एकाच माणसाला तीन पाळ्या. गिअरला भार पेलणारं हवं, पंपाला पटकन ओढता येणारं हवं. जाड घातलं तर गिअर खूश आणि पंप उपाशी. पातळ घातलं तर पंप खूश आणि गिअर खातात.

आधीच्या मालकानं काय केलं असेल? गिअरचा आवाज दाबायला १४०चं जाड तेल ओतलेलं. विकताना गाडी शांत. गिऱ्हाईक खूश. पण सकाळी थंडीत लिव्हर वर केला की नांगर म्हाताऱ्यागत उठायचा. लोक म्हणाले पंप गेला, नवा टाका. मामा म्हणाले, "पंप गेला असता तर तापल्यावर आणखी ढिला पडला असता. ह्यो दुपारी चांगला उचलतोय." बघा. हे ज्ञान कुठल्या कॉलेजात शिकवतात? तापल्यावर तेल पातळ होतं म्हणून दुपारी उचलतो. दोष पंपात नव्हता, पाजण्यात होता.

गिअर तेल निवडताना आणखी एक पेच. डब्यावर जीएल-४, जीएल-५ असं असतं. पाच म्हणजे चारपेक्षा भारी असं वाटून लोक पाच घेतात. जीएल-५ मध्ये गंधकाचं औषध जास्त. पोलादाच्या दातांना ते राखतं, पण जुन्या गाडीत पितळ्याच्या, काशाच्या बुशी असतात, तापात ते औषध त्यांना हळूहळू खाऊ शकतं. म्हणून महाग आणि नवं म्हणजे योग्य असं नाही. आम्ही जुन्या बाजारात गाडीचं पुस्तक शोधलं, इंग्रजी, कोपरे उंदरांनी खाल्लेले. डिक्शनरी घेऊन तेलाचं पान काढलं आणि त्यात जो प्रकार सांगितलाय त्याला जुळणारं गिअर-हायड्रॉलिकचं एकत्र तेल घेतलं. आमच्या गाडीला सुके ब्रेक आहेत. ज्यांच्या ट्रॅक्टरला तेलात बुडालेले ब्रेक आहेत त्यांनी मात्र वेट ब्रेक असं लिहिलेलंच तेल घ्यावं. साधं घातलं तर ब्रेक किंचाळतात, थरथरतात, प्लेटा जातात. गाडी नवी की जुनी हा सवाल नाही, तिचा ब्रेक कोरडा की ओला हा सवाल आहे.

पोटातलं तेल सोडलं ते दिवस उन्हाळ्याचे. खाली एकापेक्षा जास्त प्लग आहेत, सगळे उघडावे लागतात, नाहीतर जुनं घाण तेल एका कप्प्यात बसून राहतं. निघालं ते पिवळट पांढरं. पाणी. गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं, चार पावसाळे तिथून आत गेलेले. पाचशे रुपयांच्या आतलं रबर, आणि त्यापायी हजारोंचं तेल नासलं. आधी रबर बदललं. मग पंपाच्या तोंडाची जाळी डिझेलनं धुतली. तिच्यावर लोखंडाची बारीक चमक होती, जाड तुकडे नव्हते, म्हणून मामांचा जीव खाली आला. वीस लिटरची बादली पुरत नाही, वर आणखी घ्यावं लागतं. चार घरांनी पैसे काढले. एका घरानं शेळी विकली. ही किंमत लक्षात ठेवा. ज्याला सुटं तेल चालतंय म्हणतात त्याच्या घरातली शेळी गेलेली असते.

आता हवेच्या फिल्टरचं सांगतो. इथं माझा हात थांबतो.

जुन्या ट्रॅक्टरला हवेचा फिल्टर तेलाचा. खाली वाटी, वाटीत खुणेपर्यंत इंजिन तेल. इंजिन श्वास घेतं तेव्हा हवा आधी त्या तेलावरून जाते, वरच्या जाळीतून जाते, धूळ तेलात बसते, स्वच्छ हवा आत. धुळीच्या रानात वाटी रोज उघडून बघायची. तळाला गाळ बसला की तेल फेकून वाटी धुवायची, नवं भरायचं. खुणेच्या वर भरायचं नाही, नाहीतर इंजिन तेलच ओढून घेतं. पुस्तकात हे ठळक अक्षरात आहे. दर आठ-दहा तासांनी. लोखंडाच्या फुप्फुसाची एवढी काळजी.

आणि आमच्या खात्यात? ब्लो रूम, कार्डिंगमध्ये कापसाची धूळ हवेत लोंबते. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते, दोन दिवसांनी सैल होते, असं काही वर्षं चालतं, आणि मग सैल व्हायचं थांबतं. याला नाव आहे, बायसिनोसिस. कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात ते छापलेलं होतं. आमच्या पाळीतल्या कार्डिंगच्या माणसाला मात्र दमा लिहून देतात. तोंडाला बांधायला त्याला काय मिळतं? स्वतःचा रुमाल. मामांच्या अंगणात ती वाटी धुताना मी मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे तुमच्यापरीस ट्रॅक्टर बरा." त्यांनी विनोद केला नव्हता.

गिरण्यांचा इतिहास ज्यांनी वाचलाय त्यांना माहीत आहे, मुंबईत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नव्हते. धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढायला लागायचा, म्हणजे थुंकी लागणार, म्हणजे विटाळ. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. चांगल्या पगाराच्या खात्यात थुंकीचा विटाळ आणि धुळीच्या खात्यात मात्र या, बसा, खोका. मला नेहमी वाटतं, तेलाला विटाळ कसा नाही? माझ्या हातानं तेल घातलेल्या चातीवरचं सूत सगळ्यांच्या अंगावर आहे.

तेल अंगावर घेण्याबद्दलही बोलायला हवं, कारण आपण ते हसण्यावारी नेतो. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांत म्यूल नावाच्या यंत्रावर कातणारे कामगार तासन्‌तास दांड्यावर वाकून काम करायचे. चातीतून उडालेलं खनिज तेल त्यांच्या विजारीतून मांडीत मुरायचं आणि वर्षांनी अंडकोशाच्या कातडीला कॅन्सर व्हायचा. इतक्यांना झाला की तो कॅन्सर त्या धंद्याच्या नावानं ओळखला गेला. जळालेलं इंजिन तेल तर आणखी वाईट. म्हणून तेल सोडताना हातमोजे, नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या. नंतर साबण, डिझेलनं हात धुवायचे नाहीत. तेलाचं फडकं खिशात ठेवायचं नाही. गावात जळकं तेल बैलाच्या जखमेला लावतात, ते बंद करा.

आणि ते ओतायचं नाही. ना नाल्यात, ना उकिरड्यावर. धोकादायक कचऱ्याच्या यादीत ते आहे. आम्ही जुन्या कॅनमध्ये साठवतो, तालुक्याच्या गॅरेजवाल्याकडं देतो, तो पुढं गोळा करणाऱ्याला देतो. पहिल्यांदा शेजारचा पोरगा म्हणाला, "वढ्यात सोडा की, कोण बघतंय." मामांची मुलगी म्हणाली, "वढ्याच्या खाली आपली हीर हाय." पाण्यासाठी महाडला जे झालं ते या पोरीला पाठ आहे, पण ती भाषण न करता कॅनचं झाकण लावून आली.

रेडिएटरचं थोडक्यात. बोअरचं पाणी ओतू नका, क्षार धरतो, आतून रेडिएटर बुजतो. शुद्ध पाणी आणि कूलंट, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात. जुन्या गाडीत कूलंट घातल्यावर कधी गळती दिसायला लागते. कूलंटनं भोक पाडलेलं नसतं, गंजानं झाकलेलं उघडं पडलेलं असतं. कूलंट गोड लागतं आणि विष आहे, कुत्री-शेळ्या पितात, सांडलं तर माती टाका. गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही हे सांगायला नकोच, तरी दरवर्षी कुणीतरी भाजतं.

गेल्या वर्षी परतीच्या पावसानंतर वाफसा आला त्या दिवशी पहाटे गाडी एका फेरीत चालू झाली. चार घरांची पेरणी दोन दिवसांत. तिसऱ्या दिवशी वरच्या आळीतला एकजण आला, त्याचा ठरलेला ट्रॅक्टर आला नव्हता. मामांनी त्याचंही रान पेरलं, त्याच भाड्यात, पाळीनं. आधी मातंग वस्तीतल्या दोघांचं, मग त्याचं. मी विचारलं, "मामा, उद्या या म्हणायचं की." ते म्हणाले, "वाफसा त्येचाबी जातोय की रं." मला हे पूर्ण पटलेलं नाही. माझ्यात तेवढं मोठं मन अजून नाही, आणि ते असावंच का यावर मी मामांशी अजून भांडतो.

त्या उंदरांनी खाल्लेल्या पुस्तकातल्या तेलाच्या पानांचं मी मराठी करतोय. कुठलं तेल, कुठं, किती, कधी. ज्यांच्या गावात आपल्या माणसाकडं जुना ट्रॅक्टर आहे, मग तो महिंद्र असो, एस्कॉर्ट असो, एचएमटी असो, त्यांनी त्याचं पुस्तक शोधावं आणि अंकाच्या पत्त्यावर तेलाची पानं पाठवावीत. गाडीगणिक माप वेगळं, अंदाजानं लिहिता येणार नाही. अभ्यासवर्गात एक तास यालाही द्यायला काय हरकत आहे? डायवर आपले, मेकॅनिक आपले, हेल्पर आपले. वाचणारेही आता आपले आहेत.

आमच्या गाडीच्या स्टिअरिंग बॉक्समधून आता थेंब पडायला लागलाय. तेल वर ओतत राहण्यात अर्थ नाही, सीलच बदलायला हवं. ते सोलापुरात मिळतं. माप घेऊन ठेवलंय, येत्या सुट्टीला जाईन.